वितरित स्ट्रीम प्रोसेसिंगमधील डिपेंडन्सी इंजेक्शन

अखंड येत राहणाऱ्या नोंदींवर अनेक यंत्रे मिळून प्रक्रिया करतात, अशा प्रणालींत प्रत्येक ऑपरेटरला, म्हणजे प्रक्रियेच्या प्रत्येक टप्प्याला, काही बाहेरची साधने लागतात: डेटाबेसची जोडणी, एचटीटीपी क्लायंट, प्रशिक्षित मॉडेल, घड्याळ, नोंदी लिहिणारा लॉगर. ऑपरेटरने ही साधने स्वतःच्या पोटात घडवू नयेत, ती त्याला बाहेरून पुरवावीत, ही पद्धत म्हणजे डिपेंडन्सी इंजेक्शन. वेब सर्व्हरच्या जगात ती इतकी रुळली आहे की तिचा वेगळा विचार फारसा कोणी करत नाही. स्ट्रीम प्रोसेसिंगमध्ये तो करावाच लागतो, कारण ऑब्जेक्ट जिथे एकमेकांना जोडले जातात तिथेच ते पुढे काम करतात, हे या पद्धतीमागचे मूळ गृहीतक इथे खरे राहत नाही.

पार्श्वभूमी

मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मधल्या लेखात डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ केले. त्याच वर्षी मार्चमध्ये जावाच्या स्प्रिंग या फ्रेमवर्कची १.० आवृत्ती आली. गूगलने २००७ मध्ये ग्यूस खुले केले आणि २००९ मध्ये जेएसआर-३३० ने जावासाठी इंजेक्शनची सामाईक ॲनोटेशन्स ठरवून दिली. ही सारी साधने एकाच जेव्हीएममध्ये (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आभासी यंत्रात) चालणारा, सुरू झाला की दीर्घकाळ टिकणारा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर ठेवून बनली होती.

स्ट्रीम प्रोसेसिंगची आजची साधने त्यानंतरची. स्टॉर्म २०११ मध्ये खुले झाले, लिंक्डइनमध्ये तयार झालेले सॅम्झा २०१३ मध्ये अपाचेकडे गेले, बर्लिनच्या स्ट्रॅटोस्फिअर संशोधन प्रकल्पातून निघालेले फ्लिंक २०१४ मध्ये. काफ्का स्ट्रीम्स आणि बीम ही दोन्ही २०१६ मधली. यांपैकी बहुतेकांच्या रचनेत इंजेक्शनला स्वतंत्र जागा ठेवलेली नव्हती. प्रोग्रॅमरांनी ती कशी करून घेतली, यातच या विषयाचा मोठा भाग सामावला आहे.

मूळ अडचण

फ्लिंकमधला एखादा प्रोग्रॅम पाहिला तर त्याची मेन मेथड नोंदींवर काहीच करत नाही. कुठून वाचायचे, कशावर गाळायचे, कोणत्या किल्लीने गट पाडायचे, कुठे लिहायचे, याचा ती फक्त आराखडा रचते. हा आराखडा, आणि त्यात बसवलेली फंक्शन ऑब्जेक्ट, सीरियलाइझ होऊन बाइटच्या रूपात टास्क मॅनेजरांकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या वर्करांकडे, जातात. तिथे त्यांच्या प्रती उलगडतात, आणि नोंदी हाताळतात त्या या प्रती. मेनमध्ये बनवलेले मूळ ऑब्जेक्ट एकही नोंद पाहत नाही. स्टॉर्ममधले बोल्ट, बीममधले डूएफएन आणि स्पार्कमधली क्लोजर यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच आहे.

आता कन्स्ट्रक्टरमधून डेटाबेसचा कनेक्शन पूल, म्हणजे तयार जोडण्यांचा साठा, दिला तर काय होईल? पुलात उघडे सॉकेट असतात, थ्रेड असतात, लॉक असतात. त्यांचे बाइटमध्ये रूपांतर करण्याला अर्थच नाही. म्हणून स्पार्कमध्ये ‘टास्क नॉट सीरियलायझेबल’ हा सगळ्यांच्या ओळखीचा अपवाद फेकला जातो, इतरत्र त्याचे भाऊबंद. अनेकदा हा अपवाद फार लांबून येतो. लॅम्ब्डामध्ये (जागच्या जागी लिहिलेल्या निनावी फंक्शनमध्ये) बाहेरच्या क्लासच्या एखाद्या फील्डचा उल्लेख असतो, त्या उल्लेखामुळे अख्खा बाहेरचा ऑब्जेक्ट लॅम्ब्डासोबत ओढला जातो, आणि त्याच्यामागून त्याने धरून ठेवलेली सगळी साधने. कंपायलर याबद्दल अवाक्षर काढत नाही.

यावर घाईघाईने केलेले दोन उपाय वारंवार दिसतात आणि दोन्ही घातक आहेत. पहिला म्हणजे फील्डला ट्रान्झियंट हा शब्द लावून मोकळे होणे. आता सीरियलायझेशन बिनतक्रार होते, पण वर्करवर उलगडलेल्या प्रतीत ते फील्ड नल असते. दुसरा उपाय म्हणजे साधन स्टॅटिक फील्डमध्ये ठेवून ते मेनमधून भरणे. प्रोग्रॅमरच्या यंत्रावर सगळे एकाच जेव्हीएममध्ये चालत असल्याने हे सुरळीत चालते. क्लस्टरवर मेन एका जेव्हीएममध्ये आणि ऑपरेटर दुसऱ्यात, त्यामुळे तिथे तेच फील्ड रिकामे सापडते. फ्लिंकने १.११ आवृत्तीत ॲप्लिकेशन मोड आणून मेन क्लस्टरच्या आत चालवण्याची सोय केली, पण तिथेही मेन समन्वय पाहणाऱ्या जॉब मॅनेजरवर चालते आणि नोंदी टास्क मॅनेजरवर, म्हणून ही अडचण तशीच उरते.

घडवण्याची रीत पाठवणे

टिकणारा तोडगा एकच आहे. साधन पाठवायचे नाही, ते कसे घडवायचे याची रीत पाठवायची. ही रीत म्हणजे सीरियलाइझ होऊ शकणारा एक छोटा फॅक्टरी ऑब्जेक्ट. त्यात पत्ता, कालमर्यादा, पुलाचा आकार अशी साधी मूल्ये असतात. ऑपरेटरला कन्स्ट्रक्टरमधून हा फॅक्टरी मिळतो, आणि वर्करवर काम सुरू होण्याच्या क्षणी ऑपरेटर त्याच्याकडून साधन घडवून घेतो.

तो क्षण प्रत्येक फ्रेमवर्क आपल्या नावाने कळवते. फ्लिंकच्या रिच फंक्शनमध्ये ओपन आणि क्लोज, स्टॉर्मच्या बोल्टमध्ये प्रिपेअर, बीममध्ये सेटअप आणि टेअरडाउन. स्पार्कमध्ये मॅपपार्टिशन्स वापरून प्रत्येक नोंदीऐवजी प्रत्येक पार्टिशनमागे (डेटाच्या तुकड्यामागे) एकदा साधन बनवतात. बीमच्या टेअरडाउनबद्दल एक इशारा आवश्यक आहे: तो बोलावला जाईलच अशी हमी बीम देत नाही. म्हणून शिल्लक डेटा लिहून टाकण्यासारखे महत्त्वाचे काम त्यावर सोपवू नये. ते बंडल (एकत्र हाताळलेल्या नोंदींचा गठ्ठा) संपतानाच्या मेथडमध्ये करावे.

ओपनमध्ये थेट न्यू लिहून क्लायंट बनवला की अपवाद थांबतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण हे डिपेंडन्सी इंजेक्शन नव्हे. ऑपरेटर पुन्हा स्वतःच साधन घडवू लागला, आणि चाचणीत त्याच्या हाती खोटा क्लायंट देण्याची वाट बंद झाली. फॅक्टरी बाहेरून यायला हवा, एवढ्या एका गोष्टीवर सारा फरक अवलंबून आहे. माझ्या मते बहुतेक स्ट्रीम प्रोग्रॅमना हाताने लिहिलेले असे पाच-सात फॅक्टरी पुरतात आणि कंटेनरची, म्हणजे साधने आपोआप घडवून जोडून देणाऱ्या स्प्रिंग किंवा ग्यूससारख्या फ्रेमवर्कची, गरज पडत नाही. ऑपरेटरांची संख्या मर्यादित असते, त्यांची जुळणी मेनमध्ये एकाच जागी दिसते, आणि वाचणाऱ्याला कोणती वस्तू कुठून आली हे शोधत फिरावे लागत नाही.

कंटेनर वापरायचाच असेल तर

काही वेळा साधनांचे जाळे खरोखरच गुंतागुंतीचे असते, किंवा वेब सेवेसाठी लिहिलेले व्यावसायिक तर्काचे क्लास जसेच्या तसे स्ट्रीममध्ये वापरायचे असतात. अशा वेळी ग्यूसचा इंजेक्टर किंवा स्प्रिंगचा ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट लागतो. हे दोन्ही सीरियलाइझ होत नाहीत, म्हणून वर सांगितलेली रीत इथेही लागू पडते: मॉड्यूलच्या क्लासचे नाव आणि कॉन्फिगरेशन पाठवायचे, आणि वर्करवर पहिल्या मागणीच्या वेळी कंटेनर उभा करायचा. तो साधारणपणे स्टॅटिक होल्डरमध्ये ठेवतात, म्हणजे त्या जेव्हीएममधल्या सगळ्या ऑपरेटरांना तोच मिळतो. होल्डर वर्करवरच आळशीपणे भरला जात असल्याने मेनमधून भरलेल्या स्टॅटिक फील्डचा दोष त्यात येत नाही. डॅगरसारखी साधने जुळणी कंपाइल करतानाच कोडमध्ये उतरवतात. त्यामुळे वर्कर सुरू होताना रिफ्लेक्शनचा (प्रोग्रॅम चालू असताना क्लासची रचना तपासण्याचा) वेळ वाचतो आणि जुळणीतली चूक क्लस्टरवर पोहोचण्याआधीच पकडली जाते.

कंटेनर उभा करणे सोपे, पण तो नीट मिटवणे अवघड. फ्लिंकमध्ये क्लस्टरला पाठवलेल्या प्रत्येक जॉबचा कोड वेगळ्या क्लासलोडरने, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या जेव्हीएमच्या भागाने, लोड होतो. जॉब थांबल्यावर तो क्लासलोडर मोकळा व्हायला हवा. पण कनेक्शन पुलाचा एखादा थ्रेड जिवंत राहिला, किंवा डेटाबेसशी जोडणाऱ्या जेडीबीसी ड्रायव्हरने स्वतःची नोंद जावाच्या ड्रायव्हर मॅनेजरकडे तशीच ठेवली, तर तो क्लासलोडर आणि त्याने आणलेले सगळे क्लास मेमरीत अडकून पडतात. जॉब पुनःपुन्हा सुरू होत राहिला की मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवणारी मेमरी) भरत जातो आणि शेवटी टास्क मॅनेजर कोसळतो. कारण शोधायला फार वेळ लागतो, कारण कोसळणे आणि मूळ चूक यांच्यात कित्येक रीस्टार्टचे अंतर असते. म्हणून कंटेनर किती ऑपरेटर वापरत आहेत याची मोजणी ठेवून शेवटच्या क्लोजला तो बंद करणे, किंवा क्लासलोडर सोडताना चालणारा हुक फ्लिंकच्या रनटाइम कॉन्टेक्स्टमध्ये नोंदवणे, हे ऐच्छिक मानू नये.

स्कोप

एका जेव्हीएमच्या प्रोग्रॅममध्ये सिंगलटन (ज्याची एकच प्रत असते असा ऑब्जेक्ट) म्हणजे काय, हा प्रश्न पडत नाही. इथे मात्र सिंगलटन कशात एक? क्लस्टरमध्ये, जेव्हीएममध्ये, जॉबमध्ये, की ऑपरेटरच्या प्रत्येक समांतर प्रतीत? संपूर्ण क्लस्टरसाठी एकच ऑब्जेक्ट कोणताही कंटेनर देऊ शकत नाही. उरलेल्या पर्यायांतून निवड करताना आकडेमोड करावी लागते. समजा, तीन ऑपरेटर आहेत, प्रत्येक ६४ समांतर प्रतींत चालतो, आणि प्रत्येक प्रतीने १० जोडण्यांचा पूल उघडला. डेटाबेसवर एकदम १,९२० जोडण्यांचा भार येतो. तोच पूल जेव्हीएमभर सामाईक केला तर हा आकडा वर्करांच्या संख्येच्या दहापटीवर येतो. मात्र एका टास्क मॅनेजरमधले स्लॉट (काम चालवण्याच्या जागा) वेगवेगळ्या थ्रेडवर चालत असल्याने सामाईक साधन थ्रेडसेफ, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम वापरले तरी न बिघडणारे, असावेच लागते. कनेक्शन पूल तसा असतो. जावाचा जुना सिंपलडेटफॉरमॅट तसा नाही, आणि तो सामाईक केल्यास तारखा गुपचूप चुकतात.

दोन फ्रेमवर्कनी हा प्रश्न थेट आपल्या एपीआयमध्ये घेतला, आणि मला तीच दिशा योग्य वाटते. हेझलकास्ट जेटमध्ये सर्व्हिस फॅक्टरी आहे आणि साधन सामाईक की प्रत्येक प्रतीला वेगळे, हे लिहिणाऱ्याने तिथे उघडपणे सांगायचे असते. सॅम्झामध्ये कंटेनरपुरता (इथे कंटेनर म्हणजे टास्क चालवणारी प्रक्रिया) कॉन्टेक्स्ट आणि टास्कपुरता कॉन्टेक्स्ट असे दोन स्तर आहेत. प्रोग्रॅमर त्यांचे फॅक्टरी देतो आणि घडवणे-मिटवणे फ्रेमवर्क पाहते.

काय इंजेक्ट करू नये

ज्या साधनाला आधीच्या नोंदी आठवाव्या लागतात, ते साधन नसून स्टेट, म्हणजे जपून ठेवायची स्थिती, आहे. दर कार्डामागे गेल्या तासातले व्यवहार मोजणारा काउंटर इंजेक्ट केलेल्या क्लासच्या हॅशमॅपमध्ये ठेवला, तर चेकपॉइंटला (प्रणालीच्या स्थितीच्या वेळोवेळी जतन होणाऱ्या प्रतीला) त्याचा पत्ताही नसतो. वर्कर पडला की मोजणी शून्यावर येते, आणि समांतरता बदलून किल्ल्यांची फेरवाटणी झाली की मोजणी चुकीच्या यंत्रावर राहते. असा काउंटर फ्रेमवर्कच्या किल्लीनिहाय (keyed) स्टेटमध्येच हवा. कॅशेची गोष्ट वेगळी. तो रिकामा झाला तरी उत्तर बदलत नसेल, फक्त उशीर होत असेल, तर इंजेक्ट करायला हरकत नाही.

सतत बदलणारा नियमसंच हाही सीमारेषेवरचा. ठरावीक वेळाने नियम आणणारा क्लायंट प्रत्येक प्रतीला दिला की वेगवेगळ्या प्रती काही काळ वेगवेगळ्या नियमांनी निकाल देतात, आणि कोणत्या नोंदीला कोणता नियम लागला हे नंतर सांगता येत नाही. नियमांचाच एक प्रवाह करून तो सगळ्या प्रतींना पोहोचवणे अधिक सरळ. फ्लिंकमध्ये त्यासाठी ब्रॉडकास्ट स्टेट आहे.

बिघाडानंतर प्रणाली शेवटच्या चेकपॉइंटवर परतते आणि त्यानंतरच्या नोंदी पुन्हा वाचते. इंजेक्ट केलेला क्लायंट या चेकपॉइंटचा भाग नसल्यामुळे त्याने बाहेर केलेले लेखन मागे घेतले जात नाही, ते दुसऱ्यांदा होते. त्यामुळे असे लेखन पुन्हा केले तरी परिणाम तोच राहील असे असावे. ओळखक्रमांक देणारे साधन यादृच्छिक आकडे काढत असेल तर तीच नोंद दुसऱ्या खेपेस नवा क्रमांक घेऊन जाईल. क्रमांक नोंदीच्या किल्लीवरून आणि तिच्या प्रवाहातल्या स्थानावरून काढावा. यंत्राच्या घड्याळाचेही तसेच. जावाचा क्लॉक इंजेक्ट करणे चाचणीसाठी सोयीचे असते, पण खिडक्या (नोंदींचे कालखंडानुसार पाडलेले गट) आणि मुदती नोंदीतल्या घटनाकाळावरच मोजाव्यात.

गुपितांबाबत एक धोका सहज नजरेआड होतो. फॅक्टरीत पासवर्ड ठेवला तर तो सीरियलाइझ झालेल्या आराखड्यात जातो, आणि हाय अव्हेलेबिलिटी (बिघाडातूनही काम चालू ठेवण्याची सोय) चालू असेल तर तो आराखडा कायमस्वरूपी साठ्यात उतरतो. फॅक्टरीत गुपिताचे फक्त नाव ठेवावे आणि मूल्य वर्करने स्वतः मिळवावे.

काफ्का स्ट्रीम्स

काफ्का स्ट्रीम्स हे क्लस्टर नसून लायब्ररी आहे. प्रोग्रॅमची प्रत्येक प्रत आपल्याच जेव्हीएममध्ये टोपोलॉजी (प्रक्रियेचा आराखडा) रचते आणि तिथेच चालवते, फंक्शने कुठे पाठवली जात नाहीत. त्यामुळे स्प्रिंग किंवा क्वार्कससोबत इथे नेहमीचे इंजेक्शन चालते. अडतात त्या दोन जागा. नोंदी हाताळणारे ऑब्जेक्ट पुरवणाऱ्या प्रोसेसर सप्लायरने प्रत्येक मागणीला नवा ऑब्जेक्ट द्यावा लागतो. स्प्रिंगमधला सिंगलटन बीन (कंटेनरने घडवलेला ऑब्जेक्ट) तिथे परत दिला तर अलीकडच्या आवृत्त्या सुरुवातीलाच अपवाद फेकतात. दुसरे, वाचताना आलेल्या चुका हाताळणारे हँडलर कॉन्फिगरेशनमध्ये क्लासच्या नावाने द्यायचे असतात आणि काफ्का ते स्वतः रिकाम्या कन्स्ट्रक्टरने बनवते, म्हणजे कंटेनरला मधे हात घालता येत नाही. मात्र त्यांच्या कॉन्फिगर मेथडला कॉन्फिगरेशनचा मॅप मिळतो. त्या मॅपमध्ये तयार ऑब्जेक्ट ठेवून तो तिथे उचलून घेणे ही रुळलेली वाट आहे.

चाचणी

फॅक्टरी बाहेरून येत असल्याने चाचणीत खोटा क्लायंट देणारा फॅक्टरी पुरवता येतो. फ्लिंकचे टेस्ट हार्नेस आणि काफ्काचा टोपोलॉजी टेस्ट ड्रायव्हर यांच्या साहाय्याने वेळ आणि नोंदींचा क्रम हाताने पुढे सरकवता येतो. पूर्ण जॉब मिनी क्लस्टरवर चालवताना मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मॉकिटो या चाचणीच्या लायब्ररीचे मॉक (खोटे) ऑब्जेक्ट मुळात सीरियलाइझ होत नाहीत, ती सोय वेगळी मागावी लागते. आणि निकाल जमवण्यासाठी फंक्शनला दिलेल्या यादीची प्रत होत असल्याने, चाचणी आपल्या हातातली मूळ यादी तपासते तेव्हा ती रिकामीच असते. म्हणूनच चाचणीसाठीच्या सिंकमध्ये (निकाल लिहिणाऱ्या शेवटच्या टप्प्यात) यादी स्टॅटिक ठेवतात, आणि प्रत्येक चाचणीआधी ती रिकामी करतात. फंक्शन थेट बोलावणाऱ्या युनिट टेस्टला सीरियलायझेशनची चूक दिसतच नाही. त्यासाठी ऑपरेटर बाइटमध्ये लिहून, परत वाचून, मग ओपन करून एक नोंद देणारी वेगळी चाचणी प्रत्येक ऑपरेटरला जोडावी.