वेगसमध्ये पाणी पितं कोण?

लास वेगसच्या मुख्य रस्त्यावर, म्हणजे 'स्ट्रिप'वर, बेलाजिओ हॉटेलसमोर साडेआठ एकरांचं तळं आहे. संध्याकाळी गाण्याच्या तालावर त्यातले फवारे उसळतात, काही तर 140 मीटरपर्यंत. भोवतीच्या गर्दीत व्हिडिओ घेणारे असतात, तसे 'वाळवंटात ही कसली उधळपट्टी' म्हणून नाकं मुरडणारेही असतात. शंका रास्तच आहे. मोहावे वाळवंटातल्या या शहरात वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडा पर्वतरांगेवरच रिते होतात आणि पलीकडे पोहोचते ती कोरडी हवा. पण पाणी संपवणारा खरा गडी हे कारंजं नव्हे. त्याचं पाणी शहराला पाणी पुरवणाऱ्या कोलोरॅडो नदीचं नाहीच, ते येतं तिथल्याच एका जुन्या खासगी विहिरीतून. हॉटेलच्या आधी या जागी गोल्फचं मैदान होतं आणि त्याच्या हिरवळीसाठी ती विहीर खोदलेली होती.

रेल्वेच्या जमिनींचा लिलाव होऊन 1905 साली हे गाव वसलं ते इथल्या जिवंत झऱ्यांमुळे. उपसा इतका झाला की 1962 साली ते झरे आटले. त्याआधीच, 1931 साली, नेवाडा राज्यानं जुगाराला परवानगी दिली होती आणि त्याच वर्षी जवळच कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरणाचं काम सुरू झालं होतं. शहर आज जगतंय ते मुख्यतः या धरणामागच्या लेक मीडवर. मात्र नदीच्या वाटपात नेवाडाला मिळालं वर्षाला 3 लाख एकर-फूट, आपल्या भाषेत सुमारे 13 टीएमसी. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यातल्या एकाच सिंचन संस्थेचा हक्क याच्या दहापट आहे. तिथे त्यातून चाऱ्याचा घास आणि भाजीपाला पिकतो.

या 13 टीएमसीची गंमत अशी की तो निव्वळ वापराचा आकडा आहे. तलावातून उचललेल्या पाण्यातलं जेवढं शुद्ध करून परत तलावात सोडाल, तेवढं जादा उचलायची मुभा मिळते. वेगस तलावापेक्षा बरंच उंचावर असल्यानं शहराचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांमधून 'लास वेगस वॉश' नावाच्या प्रवाहात पडतं आणि उतारानं आपसूक लेक मीडला मिळतं. वर्षाला सुमारे 4 कोटी पर्यटक येतात. त्यांच्या आंघोळी, फ्लश, हॉटेलातल्या चादरींची धुलाई, स्वयंपाकघरातली भांडी यांचं जवळपास सगळं पाणी असं परत जातं. पाणी पुन्हा वर चढवायला वीज खर्च होते ती होतेच, पण तासभर शॉवरखाली उभं राहणारा पाहुणा नदीच्या खात्यातून फारसं काही कमी करत नाही. (नाक मुरडायचंच असेल तर इथे मुरडा: शहर तेच पाणी पुन्हा उचलतं. ते नदीच्या पाण्यात मिसळलेलं असतं आणि ओझोननं निर्जंतुक करूनच नळाला येतं.)

हातचं जातं ते उघड्यावर वापरलेलं पाणी. एक चौरस फूट हिरवळ जगवायला इथे वर्षाला सुमारे 275 लिटर पाणी लागतं. म्हणजे त्या तुकड्यावर जवळपास तीन मीटर उंचीचं पाणी, कोकणातल्या अख्ख्या पावसाळ्याएवढं! यातलं बरंचसं गवताच्या पानांवाटे वाफ होऊन उडतं, काही फवाऱ्यातूनच वाऱ्यावर जातं, काही मुरतं. गटारात येत नाही, त्यामुळे परतीच्या हिशेबातही येत नाही. लेक मीडच्या उघड्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारण दोन मीटर पाणी उडतं. म्हणजे लॉनच्या जागी चक्क तळं खोदलं असतं, तरी पाणी कमीच लागलं असतं. कारंज्याच्या तुषारांमुळे बाष्पीभवन वाढतं हे खरं, पण शहरभरच्या हिरवळीपुढे साडेआठ एकर ते किती!

म्हणून 1999 पासून इथलं जलप्राधिकरण लॉन काढणाऱ्यांना चौरस फुटामागे पैसे देतं. आजवर 20 कोटी चौरस फुटांहून जास्त गवत निघालं आणि त्या जागी खडी, निवडुंग, ठिबकवर जगणारी झुडपं आली. निव्वळ शोभेच्या गवताला नदीचं पाणी देण्यावर 2027 पासून बंदी घालणारा कायदाही 2021 साली झाला. दुभाजकावरच्या ज्या गवतावर कापणारा सोडून कुणी पायही ठेवत नाही, त्यासाठी एवढं सोसायचं तरी कशाला? 2002 साली राज्यानं वाट्यापेक्षा जास्त पाणी वापरलं होतं. त्यानंतर लाखो माणसं वाढली, तरी 2023 चा निव्वळ वापर नऊ टीएमसीच्या आत राहिला.

दुसरी गळती थंडाव्याची. 7 जुलै 2024 रोजी इथे 48.9 अंश सेल्सिअसचा उच्चांक नोंदला गेला. खिडक्या नसलेली, रात्रंदिवस चालू असणारी कॅसिनो गार ठेवायची तर छतावरच्या कूलिंग टॉवरमध्ये पाणी उडवावं लागतं. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, हे नागपूरच्या कूलरचंच तत्त्व. हवा जितकी कोरडी तितका थंडावा स्वस्त, पण ते पाणी गेलं ते गेलंच. म्हणून आता बऱ्याच नव्या व्यापारी इमारतींना अशी यंत्रणा बसवायला मनाई आहे. मग विजेचं बिल फुगतं. पाणी वाचवा नाहीतर वीज, दोन्ही एकदम जमत नाही.

वेगसला गेलात तर कॅसिनोंतून वेळ काढून हूव्हर धरण पाहून या, तासाभराच्या आत पोहोचता येतं. तलावाच्या काठच्या तपकिरी खडकांवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. पाणी ओसरताना मागे राहिलेल्या क्षारांचा तो थर आहे. काठोकाठ भरल्यावर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,220 फुटांवर असणारी पातळी जुलै 2022 मध्ये 1,040 फुटांवर आली; त्याआधी एप्रिलमध्येच शहराचं पाणी उचलायचं सर्वांत जुनं तोंड उघडं पडलं होतं. तोवर तलावाच्या तळाखालून बोगदा खणून 860 फुटांवर तिसरं तोंड तयार झालेलं होतं. पातळी 895 फुटांच्या खाली गेली तर हूव्हर धरणातून थेंबही पुढे सुटणार नाही, म्हणजे खालच्या ॲरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या वाट्याला धरणातलं काहीच येणार नाही. वेगसचे पंप मात्र तेव्हाही पाणी उचलू शकतील.