दूरस्थ आरोग्यशिक्षण : स्तनकर्करोग-जागृती

दूरध्वनी, ध्वनिसंदेश, नभोवाणी, चित्रफीत किंवा व्हॉट्सॲप गट यांच्याद्वारे स्त्रियांना स्तनकर्करोगाची लक्षणे, तपासणीचे वय व तपासणीचे ठिकाण कळविण्याची पद्धती. भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण असावेत, असा जागतिक अंदाज आहे.

काय शिकवावे, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. पूर्वी भर मासिक स्वपरीक्षणावर असे : पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी, गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेतही चाचपणे. शांघायच्या कापडगिरण्यांतील २,६६,०६४ स्त्रियांवरील चाचणीत (निष्कर्ष २००२) हे तंत्र प्रत्यक्ष, स्तनाच्या प्रतिकृतीवर सराव करवून शिकविले होते. तरीही दहा-अकरा वर्षांत स्तनकर्करोगाने मृत्यू शिकविलेल्या गटात १३५, तर इतर गटात १३१ झाले. निरुपद्रवी गाठींच्या बायॉप्सी (तुकडा काढून केलेल्या तपासण्या) मात्र वाढल्या. समोरासमोर शिकवून जे साधले नाही, ते पडद्यावरून साधेल असे मानणे कठीण. दाब किती द्यावा, हे चित्रफितीतून कळत नाही. मॅमोग्राफी (स्तनाची क्ष-किरण तपासणी) दुर्मीळ असलेल्या देशांत स्वपरीक्षणाचा पुरस्कार करणारेही आहेत. तथापि, ठराविक तंत्राऐवजी बदल ओळखण्याची सवय, म्हणजे स्तन-सजगता, शिकविणे अधिक ग्राह्य दिसते.

प्रशिक्षित हातांनी केलेल्या तपासणीची स्थिती वेगळी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या मुंबईतील वस्त्यांमधील चाचणीत (१९९८ पासून, १,५१,५३८ स्त्रिया) आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. मृत्यूतील एकूण १५ टक्के घट संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत ती सुमारे ३० टक्के होती. भारताच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी अशी तपासणी सांगितली आहे. दूरस्थ संदेशाने स्त्रीला तिथवर आणावे, एवढी अपेक्षा रास्त होय.

संदेश एका मिनिटाचा, बोलीभाषेतला व एकाच मुद्द्याचा असावा. पहिला मुद्दा : गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये. त्यानंतर त्वचेला खळी, संत्र्याच्या सालीसारखी जाडी, नव्याने आत ओढलेले स्तनाग्र, रक्तमिश्रित स्राव. घरातला एकुलता फोन बहुधा नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. स्तनाचे चित्र आले की संदेश पुसला जातो. त्यामुळे ध्वनिसंदेश आणि मिस्ड कॉल देताच उलट येणारा फोन ही सोय बरी. वेळ दुपारची, कामे आटोपल्यानंतरची. शेवटी उपकेंद्राचे नाव, तपासणीचा वार आणि आशाताईंचा क्रमांक द्यावा लागतो. हा भाग गळाला, तर गाठ सापडलेली स्त्रीही महिनोन्महिने घरीच राहते.