दुरुस्ती उतरली, पण लागू झाली का?

फोंड्यात मी ज्या झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकावर २०१२ च्या आसपास एक चौकट वारंवार उघडत असे: वेबपानांवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेयर या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, बसवायची का? समोर गिऱ्हाईक खोळंबलेले, म्हणून दुकानदार ‘नंतर’ हेच बटण दाबत असे. दोष त्याचा नव्हता. सुरक्षेचा निर्णय कामाच्या घाईत माणसावर सोडणे, हीच मुळात चूक होती.

कारण नव्या आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटींची दुरुस्ती असते, आणि ती जाहीर झाली की खरा धोका वाढतो. जुनी आणि नवी फाईल शेजारी ठेवून ताडली की नेमके काय दुरुस्त केले ते कळते, आणि जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांवर हल्ला करण्याची वाट हल्लेखोराला सापडते. जावा या सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीवर ते बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये उपाय दिला होता, पण मॅक संगणकांसाठी ॲपलने तो एप्रिलच्या सुरुवातीला पाठवला. तोवर ‘फ्लॅशबॅक’ या घातक प्रोग्रॅमने सुमारे सहा लाख मॅक ग्रासल्याचा अंदाज पुढे आला.

क्रोम हा ब्राउझर २००८ पासूनच न विचारता अद्ययावत होत होता. फ्लॅश बनवणाऱ्या ॲडोबीने मार्च २०१२ मध्ये, ११.२ या आवृत्तीपासून, विंडोजवरील फ्लॅशला तशीच सोय दिली. पडद्याआड चालणारा एक छोटा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरकडे चौकशी करतो आणि नवी आवृत्ती असल्यास उतरवून घेतो. अशा व्यवस्थेचा कणा म्हणजे डिजिटल स्वाक्षरी: ती कंपनीच्या गुप्त किल्लीने केलेली असते, आणि वाटेत फाईलमध्ये एका अक्षराचा जरी फरक झाला तरी ती जुळत नाही. क्रोम तर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये मांडतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या शेजारी मांडण्याचे मोल सांगायला नको. काम अर्ध्यावर थांबले तरी जुनी आवृत्ती शाबूत राहते.

मात्र स्वाक्षरी पाठवणाऱ्याची ओळख पटवते, त्याच्या हेतूची हमी देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षा कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गंडवून हल्लेखोरांनी कंपनीच्या क्रोम एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमची, विषारी आवृत्ती अधिकृत मार्गानेच वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाला, पण ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्सही अशीच आपोआप बदलतात. म्हणून वापरात नसलेली काढून टाकावीत, असे मला आग्रहाने वाटते.

गेल्या आठवड्यात त्याच दुकानात क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात अद्यतनाची सूचना दिसत होती. दुरुस्ती केव्हाच उतरली होती, पण ब्राउझर कित्येक दिवस बंदच न केल्यामुळे मेमरीत जुनीच आवृत्ती चालू होती. माझ्या सांगण्यावरून दुकानदाराने तो बंद करून पुन्हा उघडला. सगळे टॅब जिथल्या तिथे परत आले आणि माझी दुसरी प्रत निघण्याआधी काम झाले होते.