मेंदूतली काळी रेघ पुसट का होते?

मध्यमेंदूचा आडवा छेद घेतला की दोन्ही बाजूंना एकेक काळसर पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्याचं नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे ‘काळा पदार्थ’. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णात हा पट्टा फिकट पडलेला असतो. तो काळेपणा बाळगणाऱ्या, डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या चेतापेशीच गेलेल्या असतात. संशोधक कॉन्स्टंटिन त्रेत्याकोफ यांनी १९१९ मध्ये हे दाखवून दिलं.

मग अब्जावधी पेशींमधून नेमक्या याच का मरतात?

डोपामिन पेशीत मोकळं राहिलं तर त्याचं ऑक्सिडेशन होऊन घातक रेणू बनतात, हे खरं. पण शेजारच्याच व्हेंट्रल टेगमेंटल भागातल्या पेशीही डोपामिन बनवतात आणि त्या बऱ्याच तग धरतात. म्हणून मला कामाच्या ओझ्याचं कारण जास्त पटतं.

या पेशींचा पसारा अफाट असतो. उंदरातल्या अशा एकाच पेशीचा तंतू फांद्यांसकट मोजला, तर तो ७८ सेंटिमीटरपर्यंत भरला. माणसात एक पेशी १० ते २४ लाख जोडण्या सांभाळत असावी, असा अंदाज आहे. एवढ्या टोकापर्यंत ऊर्जा पुरवायची कुणी? मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या वीजघरांनी. त्यात या पेशी कुणी सांगो न सांगो, सेकंदाला विजेचे दोन-चार ठोके देतच राहतात. प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत शिरतं, ते बाहेर उपसायला पुन्हा ऊर्जाच लागते.

ऊर्जा तोडली की काय होतं, ते १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात दिसलं. भेसळीचं हेरॉइन टोचून घेतलेली काही माणसं थोड्याच दिवसांत पार्किन्सनच्या रुग्णांप्रमाणे, लाकडासारखी ताठ झाली. त्यात एमपीटीपी हे रसायन होतं. मेंदूत त्याचं विष बनतं, पेशी डोपामिन परत घेते त्याच दारानं आत शिरतं आणि मायटोकॉन्ड्रियाचं काम बंद पाडतं.

कॅल्शियमची वाट अडवणारं इस्राडिपिन हे रक्तदाबाचं औषध सुरुवातीच्या रुग्णांना तीन वर्षं देऊन पाहिलं. आजार मंदावला नाही. कदाचित उशीर झाला होता, कारण हात थरथरू लागेपर्यंत पुष्कळ पेशी संपलेल्या असतात. त्याआधी वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता जडते, झोपेत हातपाय झाडले जातात. सही बारीक होत जाते. घरात मात्र ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं, याची फार हळहळ वाटते.