नऊवरून परतलेली आणि दहावरून परतलेली

१२३४५६७८९८७६५४३२१ आणि १२३४५६७८९१०९८७६५४३२१. पहिली १७ अंकी, दुसरी २० अंकी, आणि दिसायला सख्ख्या बहिणी. पण पहिली पूर्ण वर्ग आहे आणि दुसरी मूळ संख्या. खळ्यात १२१ नारळ ११-११च्या ११ रांगांत नेमके बसतात. १३१ नारळ मात्र एकाच लांब रांगेशिवाय कसेही मांडा, शेवटची रांग अपुरीच राहते. या दोघींतला फरक तोच आहे.

पहिलीचं वर्गमूळ १११११११११, म्हणजे नऊ एक. उभा गुणाकार मांडून बघा: नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या घराची बेरीज १, दुसऱ्याची २, मधल्याची ९, मग पुन्हा उतरण. बेरीज ९च्या पुढे जातच नाही, हातचा येत नाही, म्हणून अंक असे सरळ चढतात आणि उतरतात. गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. ते १९०५ साली डहाणूत जन्मले, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव.

आता चूक होते ती इथे. नऊ एकांच्या वर्गातून पहिली मिळाली, तर दहा एकांच्या वर्गातून दुसरी मिळेल असं वाटतं. तसं होत नाही. मधल्या घराची बेरीज १० होते, हातचा १ पुढच्या ९मध्ये जातो, तिथेही १० होतात, पुन्हा हातचा. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. अंक १९च, आणि चढणीतला ८ गायब.

दुसरा गैरसमज: दुसरी उलटसुलट सारखीच वाचता येते. उलटी लिहून पाहा, मध्ये १०च्या जागी ०१ येतं. तिच्या मूळ असण्यासाठी हे आवश्यकच होतं, कारण सम अंकी संख्या उलटसुलट सारखी असली तर तिला ११ने भाग जातोच. हिच्यात एकाआड एक अंकांच्या बेरजा ४५ आणि ४६ येतात, म्हणून ११ हुकतो. सगळ्या अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ही हुकतो. पहिलीची बेरीज ८१, तिला ९ने लगेच भाग जातो.

पण ३ आणि ११ हुकले म्हणून मूळ ठरत नाही. भाग देत जायचं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घ्याव्या लागतील. त्यापेक्षा संख्या मूळ आहे का ते सांगणारी मिलर-राबिन ही संगणकी चाचणी २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाया धरून लावावी. एवढ्या आकाराला ती पक्का निर्णय देते.

एक्सेलमध्ये मात्र तपासू नका. तिथे १५ अंकच टिकतात, पुढे शून्यं भरली जातात, आणि मूळ संख्येला चक्क १०ने भाग जाताना दिसतो. संगणकाच्या चिन्हासहित (अधिक-उणे धरून) ६४ बिटांच्या पूर्णांकातही दुसरी मावत नाही, मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतले पूर्णांक दोन्ही जशाच्या तशा सांभाळतात.