गॅस संपला, तर गेला कुठे?

फ्रिज गार करेनासा झाला की निदान ठरलेलं: ‘गॅस संपला.’ पण हा गॅस चुलीतल्यासारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो, त्यामुळे तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असणारच. ‘दरवर्षी गॅस भरून घ्या’ हा सल्ला म्हणजे निव्वळ धंदा.

खरा पुरावा फ्रीझरच्या थंड कॉइलवरच्या, म्हणजे वळणावळणाच्या नळीवरच्या बर्फात असतो. कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांमध्ये, द्रव झालेला गॅस कॅपिलरीतून, म्हणजे आतून मिलिमीटरभरही रुंद नसलेल्या लांबलचक नळीतून येतो. पलीकडच्या थंड कॉइलमध्ये पोचेपर्यंत दाब कोसळलेला असतो, म्हणून द्रव उकळू लागतो. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमधला आयसोब्युटेन वातावरणाच्या दाबाला उणे १२ अंशांच्या आसपासच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो कॉइलकडून ओढतो. गॅस कमी असेल तर द्रव पहिल्या एक-दोन वळणांतच उकळून संपतो. पुढे उरते नुसती वाफ, आणि ती फारशी उष्णता घेत नाही. म्हणून सुरुवातीला बर्फ आणि पुढची कॉइल कोरडी. याउलट सगळी कॉइल जाड बर्फात गाडली गेली असेल, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर तपासावा. तिथे गॅसचा संबंध नसतो.

सगळ्यात फसवं दुखणं ओलाव्याचं. आयसोब्युटेनच्या फ्रिजमध्ये थंड कॉइलचा दाब बहुधा बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे छिद्र पडलं तर गॅस बाहेर जाण्याआधी दमट हवाच आत शिरते. पाण्याचा कण कॅपिलरीच्या थंड कॉइलकडच्या तोंडाशी गोठतो, वाट बंद होते, थंडावा थांबतो. मग कॉइल तापते, बर्फ वितळतो आणि फ्रिज आपोआप ‘बरा’ होतो. पुन्हा गार, पुन्हा बंद. कॅपिलरीच्या तोंडाशी गरम फडकं धरल्यावर सूं आवाज सुरू झाला, तर चोर सापडला. मग गळती बुजवणं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलणं, पंपाने नीट व्हॅक्यूम घेणं आणि काट्यावर तोलून गॅस भरणं, एवढं सगळं करावंच लागतं. हा गॅस पेट घेतो, म्हणून हे काम घरी करू नये.

कॉम्प्रेसर दर थोड्या वेळाने ‘टक्’ करून थांबत असेल, तर तो बाद ठरवण्याआधी त्याची मोटर सुरू करून देणारा रिले तपासून घ्यावा. तो स्वस्त असतो.