‘हलवा’ म्हणजे नक्की काय करा? ढवळलेली व्हिस्की आणि घुसळलेली व्हिस्की

चहा हलवतात, कढईतले पोहे हलवतात आणि औषधाची बाटलीही ‘हलवून घ्या’ असंच तिच्यावर छापलेलं असतं. तीन वेगळ्या क्रिया, मराठीत क्रियापद एकच. इथवर कोणाचं काही बिघडत नाही. पण ‘व्हिस्की, व्हर्मूथ (वनस्पती मुरवलेली वाइन) आणि बिटर्स (थेंबाथेंबाने घालायचा कडू अर्क) बर्फासोबत हलवून गाळा’ असं मॅनहॅटन नावाच्या कॉकटेलच्या कृतीत वाचलं की अर्धे लोक शेकर काढतात आणि उरलेले चमच्याने चार गिरक्या देऊन मोकळे होतात. दोघांचंही मॅनहॅटन फसतं, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. म्हणून इथे शब्द वेगळे ठेवू. चमच्याने करतात ते ढवळणं, झाकण लावून शेकरमध्ये करतात ते घुसळणं.

घुसळण्याबद्दल फार सांगायला नको, ते सिनेमांनी शिकवलंय. रवी लावली की ताकावर फेस येतो तसंच हे: पेयात हवा शिरते आणि बर्फाचे कोपरे फुटून बारीक कणी होते. लिंबूरस, अंड्याचा पांढरा, क्रीम यांतलं काही असेल तर ही हवा हवीच असते. व्हिस्की सावरला 60 मिली व्हिस्की, 25 मिली लिंबूरस, 20 मिली साखरेचा एकास एक पाक आणि भरपूर बर्फ, बारा सेकंद जोरात, गाळा, संपलं. अंडं घालणार असाल तर आधी बर्फाशिवाय एकदा घुसळून घ्या.

ज्यात आंबट किंवा दुधट काही नाही, नुसती दारू, थोडं गोड आणि बिटर्स आहेत, ते ढवळायचं. सोलकढीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मिसळताना कोणी रवी फिरवत नाही, डावाने ढवळतात. मॅनहॅटन घुसळलं तर गढूळ होतं, वर फिकट फेस धरतो, आणि व्हर्मूथचा तो जाडसर, तेलकट गुळगुळीतपणा जातो. पिता येतं, विष होत नाही. पण त्या व्हर्मूथचे पैसे वाया गेले.

खरा घोटाळा मात्र याच्या पुढचा आहे. ढवळणं म्हणजे मिसळणं, अशी समजूत आहे. व्हिस्की आणि व्हर्मूथ एका भांड्यात पडताक्षणी जवळजवळ मिसळलेलेच असतात, त्यासाठी चमचा लागतच नाही. चमचा लागतो तो थंड करायला आणि पाणी घालायला. ही दोन कामंही वेगळी नाहीत, एकच आहेत.

एक ग्रॅम बर्फ उणे 18 अंशांवरून शून्यापर्यंत येताना जेमतेम 9 कॅलरी उष्णता ओढतो. तोच ग्रॅम वितळताना 80 कॅलरी ओढतो. म्हणजे पेय थंड होतं ते बर्फ थंड असल्यामुळे नाही, तो वितळल्यामुळे. ‘पाणी सुटायच्या आत गाळून घे’ हा घरोघरचा सल्ला म्हणूनच उफराटा आहे. पाणी सुटलं नाही म्हणजे थंडही झालं नाही, आणि पाहुण्याच्या हाती कोमट, जळजळीत व्हिस्की जाते. त्याचाच भाऊ म्हणजे ‘बर्फ कमी घाल, पाणी कमी होईल’. दोन खडे घातले तर ते पूर्ण वितळून जातात आणि पेय तरीही गारठत नाही. भांडं दोन तृतीयांश बर्फाने भरा. बर्फ जास्त असला की प्रत्येक खड्याचा थोडासाच भाग जातो. भेट म्हणून मिळणारे ते व्हिस्कीत टाकायचे दगड वितळत नाहीत, म्हणून थंडही धड करत नाहीत. ते मुलांना खेळायला द्या.

मॅनहॅटनच्या एका ग्लासला 60 मिली व्हिस्की, 30 मिली लाल गोड व्हर्मूथ, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन झटके. लस्सीचा उंच स्टीलचा ग्लास यासाठी उत्तम. त्याचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे बर्फाची ताकद भांडं गार करण्यात खर्च होत नाही. जाड काचेचा जग दिसतो सुंदर, पण त्याला आधी फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. लांब चमच्याची पाठ ग्लासच्या आतल्या भिंतीला टेकवा आणि चमचा भिंतीलगत फिरवा, म्हणजे आतला सगळा बर्फ एकसंध गोल फिरतो. खळखळ ऐकू येऊ लागली की तुम्ही ढवळत नाही, आपटताय. असं 30 ते 40 सेकंद. घड्याळ लावून करा; हाताला ते फार वाटतं आणि निम्म्यातच थांबावंसं वाटतं.

‘भांड्याला बाहेरून दव आलं की झालं’ ही पुस्तकी खूण आपल्या किनाऱ्यावर विसरा. कोरड्या, थंड देशात ती चालते. रत्नागिरी-मालवणच्या हवेत फ्रीजमधून काढलेली पाण्याची बाटलीसुद्धा बघता बघता निथळते. ग्लासाला दव दहाव्या सेकंदालाच येईल आणि आत अजून काहीच झालेलं नसेल. इथे खूण मापाची. पेग मोजायचं माप घ्या आणि गाळून झाल्यावर एकदा मोजून बघा. आत 90 मिली गेलं आणि बाहेर 115 च्या आसपास आलं, तर बरोबर. 95 आलं तर चमचा लवकर थांबला. 130 आलं तर बर्फच ओला होता. दोन-तीनदा मोजलंत की पुढे जिभेला कळतं.

ओला बर्फ हा आपला खास शत्रू. मध्ये लाइट गेली, ट्रे अर्धवट सुटला, परत नीट गोठलाच नाही. किंवा बर्फ तासभर आधी काढून टेबलावर सजवला. अशा खड्यांवर पाण्याचा थर असतो, तो थंड काही न करता पेयात उतरतो. ढवळायच्या आधी बर्फ गाळणीत झटकून घ्या. फ्रीजरमध्ये बांगडे आणि सुका जवळा असेल तर ट्रेला झाकण हवं, नाहीतर मॅनहॅटनला मासळीबाजार चढतो. आणि मासे ठेवायच्या लादीचा बर्फ फोडून पेयात घालायचा मोह कितीही झाला तरी नाही.

हौशी लोक व्हिस्कीची बाटली आधी फ्रीजमध्ये ठेवतात. ढवळायच्या पेयात तो शहाणपणा अंगाशी येतो: आधीच गार असल्याने बर्फ पुरेसा वितळत नाही, आणि पेय थंड पण उग्र राहतं. व्हिस्की कपाटात ठेवा. फ्रीजमध्ये जायला हवं ते व्हर्मूथ, कारण ती मुळात वाइन आहे. उघडलेली बाटली शोकेसमध्ये वर्षभर मिरवणाऱ्यांनी एकदा तिचा नुसता वास घ्यावा. फ्रीजमध्ये घट्ट बुचासकट ती महिनाभर चांगली राहते.

ढवळलेल्या पेयात लपायला जागा नसते, हेही लक्षात असू द्या. मळीच्या स्पिरिटवर बनलेली आपली स्वस्त व्हिस्की लिंबू-साखरेत खपून जाते, मॅनहॅटनमध्ये ती उघडी पडते. राय (राय धान्याची व्हिस्की) मिळाली तर उत्तम, नाहीतर बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की). गोव्यात स्वस्त पडते म्हणून बांद्यापलीकडून परवान्याशिवाय आणू नका. महाराष्ट्रात तो गुन्हा आहे, आणि ‘गोवा बनावटीची दारू जप्त’ ही बातमी आपण सगळेच वाचतो.

ओल्ड फॅशन्ड आणि मॅनहॅटन यांतला फरक विचारतात, तो किरकोळ आहे. ओल्ड फॅशन्डमध्ये व्हर्मूथऐवजी 5 मिली पाक, आणि पेय एका मोठ्या बर्फावर ओतायचं. उकळून गार केलेलं पाणी वाटीत गोठवलं की हा मोठा बर्फ तयार. दाणेदार साखर घालू नका; ती दारूत नीट विरघळत नाही, तळाशी बसते. पाकाऐवजी काकवी छान लागते. अमृत कोकमही चालतं, पण चमचाभरच. त्याहून वाढलं की पेय आंबटाकडे झुकतं, मग शेकर काढा. आगळ घालू नका, त्यात मीठ असतं. वर नागपुरी संत्र्याची साल पिळली जात नाही, सैल असते. जाड सालीचं माल्टा घ्या.

पाहुणे आठ असतील तर ढवळलेलं पेय यजमानाच्या बाजूचं आहे, कारण ते आधी करून ठेवता येतं. घुसळलेलं ठेवता येत नाही, फेस बसतो. लिटरच्या रिकाम्या बाटलीत 480 मिली व्हिस्की, 240 मिली व्हर्मूथ, बिटर्सचे सोळा झटके आणि 200 मिली पिण्याचं पाणी भरा. पाणी बघून हात आखडेल, आखडू देऊ नका. एरवी बर्फातून येणारं पाणी ते हेच. रात्रभर फ्रीजमध्ये, पाहुणे यायच्या दीड तास आधी फ्रीजरमध्ये. ग्लासही तिथेच ठेवा. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलंत तर बाटलीत गोळा-सरबतासारखा लगदा होईल, कारण पाणी घातल्यावर हे मिश्रण जेमतेम 26-27 टक्क्यांचं उरतं. तसं झालं तर बाटली ओट्यावर दहा मिनिटं उभी ठेवा, हलक्या हाताने उलटीसुलटी करा आणि ओता. घुसळू नका.